काम चोख, नकाशा उधार

डिचोली तालुक्यात आमचा काजूचा कारखाना आहे. बी शिजवायचा बॉयलर, कटिंग, ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग, असा नेहमीचा पसारा. सासऱ्यांच्या वेळेपासून नवं मशीन आलं की भिंतीवर आणखी एक केबल ठोकायची, हीच पद्धत. शेवटी कुठली केबल कुठल्या मोटारीची हे आमचा वायरमनसुद्धा स्विच पाडून बघितल्याशिवाय सांगेना. म्हणून सगळं उतरवून ट्रेवर, म्हणजे केबल ओळीने ठेवायच्या पत्र्याच्या लांब मांडणीवर, घ्यायचं ठरलं. काम म्हापशाच्या एका परवानाधारक ठेकेदाराला दिलं. ट्रे त्यांनी कारखाना चालू असतानाच टांगले, आणि केबल ओढून पॅनेलला जोडायचं काम गेल्या चवथीच्या सुट्टीत उरकलं. यंदाचा पाऊसही त्यावरून गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आलेल्या कोटेशनांत हे सगळ्यांत स्वस्त नव्हतं. स्वस्तवाल्याने जीपी (गॅल्व्हनाइज्ड प्लेन) पत्र्याचा ट्रे धरला होता. त्यात आधीच जस्त चढवलेला पत्रा कापून, भोकं पाडून ट्रे करतात, म्हणजे प्रत्येक भोकाची कड उघडी. चौरस मीटरला 120 ग्रॅमचा लेप असं मोठ्या तोंडाने सांगतात, पण तो दोन्ही बाजूंचा मिळून, एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. आमच्या ठेकेदाराने हॉट डिप धरलं होतं. त्यात ट्रे तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवतात. कडा झाकल्या जातात आणि थर 50-60 मायक्रॉनचा बसतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, वर आत बॉयलरची वाफ. इथे 8 मायक्रॉन म्हणजे पैसे पाण्यात. माल उतरवला तेव्हा ठेकेदार थर मोजायचं मीटर घेऊन आला आणि म्हणाला, कुठलाही तुकडा काढा. मी मुद्दाम ढिगाच्या तळचा काढायला लावला. आकडा बरोबर आला.

या कामाची खरी किंमत मात्र त्यांच्या फोरमनच्या डोक्याची आहे. गृहस्थ दोडामार्गकडचे, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्यांनी ड्रिल बाहेर काढलंच नाही, खडू आणि दोरी घेऊन शेडभर फिरत राहिले. मी आखलेली सरळ लाइन त्यांनी मोडली, कारण ती दोन छपरांमधल्या पन्हळीखालून जात होती. "वहिनी, ही पन्हळ आज गळत नसेल, पण गळणार. पाणी केबलवरून ओघळत थेट पॅनेलात जाईल." लाइन पलीकडच्या भिंतीने वळवली. पॅनेलात केबल खालून घेतल्या, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली एक झोळ दिला, म्हणजे ओघळ आलाच तर तिथून थेंब थेंब गळून जाईल. जुलैत पन्हळ खरोखर गळली. खाली बादली ठेवली, बाकी काही नाही.

सोलणीच्या भागात तर त्यांनी ट्रे चक्क उभा लावला, भिंतीला कडेवर. काजूगरावरची ती पातळ लाल साल किती उडते हे सोलणीत उभं राहिलेल्यालाच कळेल. आडव्या ट्रेवर तिची गादी होते, खालच्या केबल गरम राहतात, आणि ती सुकी साल पेट घ्यायलाही वेळ लावत नाही. उभ्या लॅडर ट्रेवर, म्हणजे शिडीसारख्या पायऱ्यांच्या ट्रेवर, ती टिकत नाही. यात केबल नुसत्या ठेवून भागत नाही, प्रत्येक पायरीला बांधाव्या लागतात, त्यामुळे मजुरी थोडी वाढली. दिली.

मेन केबल साडेतीन कोअर (तीन जाड तारा आणि एक बारीक), सत्तर स्क्वेअर मिलीमीटरची, आर्मर्ड म्हणजे धातूचं कवच असलेली. असल्या केबलला वळण तिच्या जाडीच्या निदान 12 पट त्रिज्येचं लागतं. 35 मिलीमीटर जाडी धरली तर 420 मिलीमीटर. दुकानात तयार मिळणारा 300 चा बेंड त्यांनी घेतलाच नाही, मोठा बनवून आणला. आधार दर दीड मीटरला. जोडपट्टीच्या बोल्टांची गोल डोकी आतल्या अंगाला आणि नट बाहेर, म्हणजे ओढताना केबल सोलत नाही. मी ट्रेमधून हात फिरवून बघितला, कुठे खरचटलं नाही. ग्राइंडरने कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग, बाजूने सलग अर्थिंगची पट्टी.

आणि सेन्सरच्या बारीक केबलना वेगळा ट्रे, पॉवरपासून हातभर लांब. ड्रायरच्या पंख्याला व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) बसवल्यापासून त्याच्या केबलचा त्रास शेजारच्या सेन्सरच्या केबलला होऊन तापमानाचा आकडा नाचायचा. दोन वेळा सेन्सर बदलून झाला होता. केबल वेगळ्या केल्यावर आकडा स्थिर राहिला. सेन्सरचे ते पैसे आता कोणाकडे मागायचे!

आता तक्रारी. ट्रे भिंतीतून पलीकडे जातो तिथलं भोक बुजवायचं राहिलं. "उद्या माणूस पाठवतो" हे मी चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत ऐकलं, तोवर तिथून घूस आत आली आणि गोण्या फाडल्या. शेवटी मीच गवंडी बोलावला. पुढच्या भागात केबलना अॅल्युमिनियमचे कोरीव नंबर आहेत, पण मागे, जिथे कोणी बघत नाही, तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने लिहिलेलं. तिथलं निम्मं पुसून गेलंय. बिलात बेंड आणि टी (तीन तोंडांचे जोड) नगावर लावले, शिवाय मीटरच्या मोजमापातही धरले. दाखवल्यावर निमूट कमी केले, पण दाखवावं लागलं. काम देताना हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

तरीही परीक्षा झाली ती मे महिन्यात, सोलणीचं नवं मशीन आलं तेव्हा. ट्रेमध्ये तिसरा हिस्सा जागा मोकळी ठेवलेली होती. आमच्याच वायरमनने एका मदतनिसाला घेऊन केबल टाकली, शेजारच्या एकाही केबलला हात न लावता, आणि दुपारच्या जेवणाआधी मशीन फिरलं. पूर्वी एवढ्यासाठी अर्धा कारखाना बंद ठेवावा लागायचा.

प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा अजून मिळालेला नाही. कुठली केबल कुठून कुठे, किती लांब, हा कागद त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणतात. बिलाचा शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे. कागद आला की हप्ता सुटेल, आणि मागच्या गोदामाचं कामही त्यांनाच मिळेल, फोरमन तेच येणार असतील तर.