प्रभूच्या आगमनाच्या नावावर आमचे ३ लाख ४० हजार गेले, तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर वाचा

प्रेज द लॉर्ड सगळ्यांना. हे लिहू का नको म्हणून वर्षभर गप्प होते. पण मागच्या सप्टेंबरात, २०२५ च्या, २३-२४ तारखेला रॅप्चर होणार, म्हणजे येशू येऊन विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार म्हणून ते व्हिडिओ सगळीकडं फिरले ना, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मावशीनी मला विचारलं, अगं बँकेतले पैसे काढून ठेवू काय? माझ्या पोटात गोळाच आला. दोन वर्षामागं हाच प्रश्न मी एका माणसाला विचारला होता, आणि तो चोर निघाला.

आम्ही बेळगावचे, कॅम्पच्या बाजूला राहतो, सासऱ्यांच्या आजोबांपासून मराठी ख्रिस्ती घर. मी घरी शिलाई करते, मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत. २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये धाकटे दीर गेले, वय ३४, पुरायला चार माणसं होती. चर्च बंद होतं, आणि सासूबाईंचा एकच प्रश्न, माझा पोरगा मला परत कधी भेटणार. त्या दिवसात कुणीतरी एका ब्रदरच्या, म्हणजे प्रचारकाच्या, प्रार्थना ग्रुपची लिंक पाठवली. रोज रात्री ९ ला फोनवर प्रार्थना. आणि तो माणूस मराठीत बोलायचा, पुस्तकातल्या मराठीत नाही, आपल्या मराठीत, "काय की आक्का, जेवलीसा काय" असं. बाहेरच्यांना हे कळणार नाही पण इथं सीमाभागात आपल्या भाषेत मनापासून बोलणारा प्रचारक मिळाला की माणूस भुलतोच. मोठ्या मीटिंगा सगळ्या कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, सासूबाईंना निम्मं कळत नाही. हा त्यांना "आई" म्हणायचा.

दोन वर्षं त्यानं एक रुपया मागितला नाही. हे लक्षात ठेवा, कारण लोक मला विचारतात तुला संशय कसा आला नाही.

मग ऑक्टोबर २०२३ ला इस्राएलमध्ये युद्ध सुरू झालं आणि ग्रुपचा सूरच बदलला. रोज नकाशे, रोज बायबलमधलं प्रकटीकरण १३, त्यात शेवटच्या काळात एक दुष्ट श्वापद सगळ्यांवर आपली खूण मारणार असं आहे, तर आधार कार्ड म्हणजे त्या खुणेची तयारी, बँका बंद होणार, विश्वासणाऱ्यांना विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. आणि बायबलमधल्या मत्तय २५ मधल्या दहा कुमारी, नवरदेवाची वाट बघणाऱ्या, पाच शहाण्यांकडं दिव्याला जादा तेल आणि पाच मूर्खांकडं नाही. त्या वचनावर तो तासतास बोलायचा. पाच मूर्ख कुमारींना सांगितलं ना की विकणाऱ्यांकडं जाऊन तेल विकत घ्या, बघा, शास्त्रातच लिहिलंय, तयारीला किंमत लागते. मग "तेल फंड" सुरू झाला. पहिल्यांदा ५०० रुपयांची अभिषेकाच्या तेलाची बाटली. मग रेशनचा किट, ३५ हजार, सात वर्षाच्या संकटकाळासाठी तांदूळ, डाळ, मीठ, औषधं. मिस्टरांनी विचारलं होतं की ब्रदर, आपण तर आधीच उचलले जाणार म्हणता मग हे खाणार कोण. तर म्हणाला, तुमचे जे नातेवाईक मागं राहतील त्यांच्यासाठी, तेवढंही प्रेम नाही काय तुमच्यात? मिस्टर गप्प बसले. प्रश्न विचारला की तो असंच करायचा, उत्तर द्यायच्या ऐवजी आपल्यालाच लाज वाटायला लावायचा.

त्यानंतर जमीन. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, रानाच्या कडेला, विश्वासणाऱ्यांसाठी आश्रयाची वस्ती, प्रत्येक घराला २ गुंठे, २ लाख ७५ हजार. आम्ही सासऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची २ लाखाची एफडी मोडली, माझ्या पाटल्या गहाण टाकून १ लाख १० हजार घेतले, उरलेले ३० हजार भिशीचे. जमीन, किट आणि तेल फंडाला वर्षभरात दिलेले ३० हजार, सगळं मिळून ३ लाख ४० हजार, आणि यातले बहुतेक पैसे २०२४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये गेले.

पैसे कसे घेतले ते नीट वाचा. सगळं कॅश. फोनपे, चेक, बँक ट्रान्सफर काही नाही, कारण ती श्वापदाची व्यवस्था आणि सगळ्याची नोंद सरकारकडं जाते. आम्हाला ते पवित्र वाटलं. आता कळतंय की बँकेत पुरावा राहू नये म्हणून ती शिकवण होती. किटचे ३५ हजार तेवढे मिस्टरांनी सवयीनं फोनपे केले तर तो माणूस आमच्यावर एवढा ओरडला, पहिल्यांदाच ओरडला, आणि आज पोलिसांकडं दाखवायला आमच्याकडं तेवढा एकच पुरावा आहे. आगमनाची तारीख पण तशीच. व्हिडिओत, मेसेजमध्ये कधी लिहिली नाही, फक्त फोनवर सांगायचा, वर म्हणायचा लिहून ठेवू नका, हे निवडलेल्यांसाठी आहे. ज्यूंचा कर्णे वाजवण्याचा सण, २ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ. आणि पाळकांना सांगायचं नाही, कारण चर्च म्हणजे झोपलेली मंडळी.

त्या वर्षी मी काय केलं ते सांगायला जड जातंय. दसरा-दिवाळीच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी घेतल्या नाहीत. मुलगी दहावीला, एसएसएलसी, तिला मी कधी अभ्यास कर म्हटलं नाही, ती रडून म्हणायची आई मार्चला परीक्षा आहे आणि मी म्हणायचे मार्च येणार नाही बाळा. एका पोरीला तिच्या आईनं असं सांगितलं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं थेस्सलनीका गावच्या मंडळीला दोन हजार वर्षापूर्वीच लिहिलंय की तो दिवस येऊन ठेपलाय म्हणणाऱ्या पत्रानं दचकू नका, आणि तिथंच पुढं लिहिलंय की निवांतपणे काम करून आपली भाकर खा. बायबल उशाला होतं आमच्या. आम्ही ते त्याच्या आवाजात ऐकत होतो, स्वतः वाचत नव्हतो.

२ तारखेला उपास केला, धुतलेले कपडे घातले, सासूबाईंनी दिरांचा फोटो मांडीवर घेतला. रात्रभर जागलो. पहाटे घोषणा ऐकू यायला लागल्या, नवरात्राचा पहिला दिवस होता, दुर्गामाता दौड निघाली होती, दरवर्षीसारखी. उजाडलं. दूधवाला आला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आला नाही काय गं तो." त्या कुणाबद्दल बोलल्या ते मी आजपर्यंत विचारलं नाही.

ग्रुपवर दुपारी मेसेज, कॅलेंडर मोजण्यात चूक, प्रभूनं कृपेचा काळ वाढवलाय, ज्यांचं तेल कमी त्यांनी भर घाला. मग ग्रुपवर लिहायचं बंद केलं, फक्त ॲडमिन. डिसेंबरमध्ये नंबर बंद.

तेव्हा आम्ही जांबोटीला गेलो. कागदावरचा सर्व्हे नंबर विचारत विचारत पोचलो तर काजूची बाग, आणि बागेचा मालक समोर उभा. त्यानं पाणी दिलं, कागद हातात पण घेतला नाही, म्हणाला तुम्ही पाचवं घर. त्याच्या वडिलांपासून ती जमीन त्यांच्या नावावर, कुणाला विकायची म्हणून तो कधी बोललाच नव्हता.

आता तो कागद. १०० रुपयांचा स्टँप, कन्नडात टाईप केलेला, नोटरीचा शिक्का. ब्रदर म्हणाला होता हे संचकार पत्र, म्हणजे जमीन विक्रीचा करार आहे, कर्नाटकात कन्नडातच लागतं, सही करा. आम्ही दोघं मराठी शाळेत शिकलेलो, कन्नड बोलतो पण वाचायचं म्हटलं तर बसचा बोर्ड कसाबसा. जांबोटीहून आल्यावर मुलीनं तो कागद घेतला, तिला शाळेत कन्नड आहे, आणि दोन मिनिटात वाचून दाखवला. त्यात जमीन विकणार असं कुठंच नव्हतं. सर्व्हे नंबर होता, पण तिथं होणाऱ्या सेवाकार्यासाठी म्हणून. आणि शब्द होता "देणिगे". स्वखुशीनं दिलेली देणगी, परत मागणार नाही. सही केली त्या दिवशी पोरगी शेजारच्या खोलीतच बसली होती.

म्हणून सांगते, सीमाभागातल्या आपल्या लोकांनो, कन्नड कागदावर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि वाचणारा तुमचा माणूस पाहिजे, विकणाऱ्याचा नको. घरात शाळेला जाणारं पोर असतंय, त्याला विचारायला कसली लाज. जमिनीचा उतारा, आरटीसी, कर्नाटक सरकारच्या भूमी साईटवर सर्व्हे नंबर टाकला की दिसतो, मालकाचं नाव तिथंच. ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, कावेरी साईटवरून काढता येते, त्यात बोजा आणि आधीचे व्यवहार कळतात. नोटरीच्या शिक्क्यानं जमीन नावावर होत नाही, सब रजिस्ट्रारकडं नोंदणी लागते. हे सगळं मला १० मिनिटात कळलं असतं.

शेवटी मी पाळकांकडं गेले. वाटलं रागावतील, पण ते रडले. मग त्यांनी मत्तय २५ च उघडलं आणि म्हणाले वाच. कुमारी दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्या पाच पण. आणि नवरदेव आला तेव्हा बाहेर कोण होतं? ज्या तेल विकत घ्यायला गेल्या होत्या त्या. दार बंद झालं ते विकत घ्यायला पळालेल्यांवर. मी तो अध्याय लहानपणापासून ऐकलाय आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. ते म्हणाले, पुत्रालासुद्धा, म्हणजे खुद्द येशूला, जी घटका ठाऊक नाही म्हणून प्रभू स्वतः सांगतो, ती त्या माणसाला कशी ठाऊक झाली? त्यांनीच सांगितलं की हे नवीन नाही. अमेरिकेत मिलर नावाच्या माणसाच्या शिकवणीवर लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले होते, काहींनी शेतातलं पीक काढलं नव्हतं. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती, आणि तिथल्या पुढाऱ्यानं लोकांच्या पैशातून जे बाँड घेतले होते त्यांची मुदत संपत होती १९९३ मध्ये, म्हणजे त्याचा स्वतःचाच त्या तारखेवर विश्वास नव्हता, फसवणुकीत त्याला शिक्षा झाली. हे ऐकल्यावर मला आठवलं, आमच्या ब्रदरनं २०२४ च्याच ऑगस्टमध्ये नवीन गाडी घेतली होती, हप्त्यावर.

तक्रारीचं सांगते. आपले बरेच लोक तक्रार देत नाहीत, वातावरण आधीच असं आहे, पेपरात ख्रिस्ती म्हणून नाव आलं तर काय होईल ही भीती. मलाही होती. वर सीमेचा त्रास, त्याचा पत्ता महाराष्ट्रातला म्हणून इथं सांगितलं तिकडं जा, तिकडं म्हणाले पैसे बेळगावात दिले ना मग तिथं जा. दोन खेपा झाल्या. मग चर्चमधल्या एका वकील काकांनी सांगितलं की झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असो ठाण्याला लिहून घ्यावीच लागते, नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये आहे. आमचे पैसे जुलै २०२४ च्या आधी गेले म्हणून कलम जुनंच ४२० लागतं, १ जुलैनंतर दिले असतील तर न्याय संहितेचं ३१८. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा, तासातासाला फरक पडतो. चार घरं तक्रारीत आलो, बाकीचे आले नाहीत. एका घराचा अजून विश्वास आहे की ब्रदर अज्ञातवासात प्रार्थना करतोय.

प्रभू येणार यावर माझा विश्वास तसाच आहे, तो त्या माणसानं दिलेला नव्हता म्हणून त्याला नेता पण आला नाही. मुलगी सेकंड क्लासमध्ये पास झाली, स्वतःच्या जिद्दीवर.

एक गोष्ट राहिली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यानं मला ग्रुपवर साक्ष द्यायला सांगितली होती आणि मी दिली, प्रभूनं आम्हाला जमीन दिली म्हणून. ती ऐकून शेजारच्या ताईनं ६० हजार दिले, विधवा बाई, धुणीभांडी करून साठवलेले. तो चोर होता पण तिनं विश्वास माझ्यावर ठेवला होता. जानेवारी २०२५ पासून दर महिन्याला शिलाईतले २ हजार तिला देते. पहिले किती महिने ती दारातच पाकीट घ्यायची, बोलायची नाही. मागच्या महिन्यात म्हणाली आत ये, चहा केलाय. बारा हप्ते झाले, अठरा राहिलेत.