जीटीए फाईव्ह, जस्ट कॉज थ्री, सेंट्स रो फोर की बकरी? आधी चिडणारं कोण पाहिजे ते ठरवा

बेळगावजवळच्या खानापूरचा माझा आतेभाऊ पहिल्या पगारातून सेकंडहँड पीसी घेऊन बसलाय. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, म्हणाला दादा मला एखादा असला गेम सांग की ज्यात मोठं गाव असेल, गाड्या असतील आणि हे कर ते कर म्हणून कुणी मागं लागणार नाही, नुसता दंगा घालायचाय. सेल चालू आहे, पैसे एकाचेच आहेत, जीटीए घेऊ का जस्ट कॉज? अर्धा तास फोनवर बोललो तरी त्याचं काय समाधान झालं नाही, म्हणून नीट लिहून काढतोय, असा प्रश्न पडलेले अजून बरेच असतील.

पण गेमच्या आधी शिमग्याचं सांगतो. लहानपणी शहापुरात आमच्या गल्लीतली पोरं होळीसाठी रात्री लाकडं चोरायला निघायची. वखारीबाहेर ढीग पडलेला असायचा, त्याला कोण हात लावत नव्हतं, सगळ्यांचा डोळा एका आजोबांच्या परसातल्या मोडक्या खाटेवर, कारण ते आजोबा काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत पळत यायचे आणि शिव्या अशा द्यायचे की पोरं वर्षभर आठवून हसायची. ज्या वर्षी ते मुलाकडं पुण्याला गेले त्या वर्षी खाट आरामात मिळाली आणि कुणालाच मजा आली नाही. दंगा घालायच्या गेमचं अगदी तसंच आहे, मोडतोड किती करता येते यापेक्षा मोडल्यावर समोरून काय उत्तर येतं यावर सगळं ठरतं.

आणि हे मी उगीच जुळवून सांगत नाहीये, या गेमची सुरुवातच तशी आहे. पहिला जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) १९९७ ला आला, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीएमए डिझाईनने केलेला. करताना त्याचं नाव रेस अँड चेस होतं आणि बरेच दिवस तो काय रंगत नव्हता. मग एका गडबडीमुळं त्यातले पोलीस बेफाम झाले, आपल्या गाडीवर सरळ गाडी घालायला लागले, आणि टेस्टिंग करणाऱ्यांना नेमकं तेच आवडलं. म्हणजे आजोबा काठी घेऊन बाहेर आले आणि गेम सापडला.

जीटीए फाईव्हमध्ये (२०१३ ला कन्सोलवर, एप्रिल २०१५ ला पीसीवर) हे आजोबा सगळ्यात जिवंत आहेत असं माझं ठाम मत आहे. लॉस सँटोस हे लॉस एंजलिसवर बेतलेलं शहर आहे आणि त्याला स्वतःची शिस्त आहे, गाड्या सिग्नलला थांबतात, माणसं फोनवर बोलत चाललेली असतात, नुसता धक्का लागला तरी एखादा शिवी देतो, दुसरा अंगावर येतो, तिसरा पोलिसाला फोन लावतो. मग स्टार लागायला लागतात, म्हणजे पोलीस किती मागं लागलेत त्याचं माप, एकपासून पाचपर्यंत, पोलिसांच्या नजरेआड झालास की ते स्टार लुकलुकायला लागतात आणि एखाद्या बोळात गाडी बंद करून श्वास रोखून बसायचं, बाजूनं सायरन जातोय, तो गेला की हळूच दुसरी गाडी घेऊन निघायचं. पाच मिनिटांचा हा खेळ मी शेकडो वेळा खेळलोय आणि अजून कंटाळा नाही आला. एकदा लष्कराच्या फोर्ट झँकुडो तळात घुसून बघ, आत पाऊल टाकलं की थेट चार स्टार, तिथनं विमान पळवून बाहेर आलास तर त्या दिवशी जेवण जास्त जाणार.

आमच्या वयाच्या लोकांना हे वेड सायबर कॅफेतल्या सॅन अँड्रियास या जुन्या जीटीएमुळं लागलं. कीबोर्डकडं न बघता हेसोयाम हा चीट कोड टाईप करायचा की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर खिशात. त्या पोरांना फाईव्हमध्ये घरी आल्यासारखं वाटतं. वर स्टोरी आहे, मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर अशा तिघांना आलटून पालटून खेळायचं, आणि ती खरंच चांगली लिहिलेली आहे. फक्त मिशन चालू असताना गेम तुला जरा बांधून ठेवतो, ठरलेल्या रस्त्यानं गेलं नाही की मिशन फेल. दंग्यासाठी आलेल्याला तिथं अडकल्यासारखं होतं.

जस्ट कॉज थ्रीमध्ये (डिसेंबर २०१५) बरोबर उलटं आहे. मेडिची नावाचा भूमध्य समुद्रातला काल्पनिक बेटांचा देश, डी रावेलो नावाचा हुकूमशहा, आणि आपण खेळतो त्या रिको रॉड्रिगेझच्या हाताला गळाची दोरी. इथं मोडतोड हेच काम आहे, हुकूमशहाचे पुतळे, रडार, तेलाच्या टाक्या, भोंगे हे सगळं उडवलं की गाव मोकळं होतं आणि लोक खूश होतात. मग चिडणारं कोण? सैन्य असतं पण त्याला डोकं कमी, नुसतं गोळ्या घालत सुटतं. माझ्या मते इथं चिडतं ते सामान. दोरीचं एक टोक टाकीला, दुसरं हेलिकॉप्टरला, आणि दोरी आवळली की पुढं काय होणार ते तुलाही माहीत नसतं, टाकी पेटून हेलिकॉप्टरभोवती फिरायला लागते, ते जाऊन पुलावर पडतं, पूल कोसळतो, खालची बोट जाते. असलं दर दहा मिनिटाला. माझा गोकाकचा मित्र बाजूला बसून बघत होता, शेवटी हसून हसून साकप्पा साक (बस्स रे बस्स) म्हणाला.

आणि उडणं! विंगसूट (हवेत तरंगायचा पंखांचा सूट) उघडायचा, खाली जमिनीत गळ मारून स्वतःला पुढं ओढायचं, वेग गेला की पॅराशूट, परत विंगसूट. पहिला अर्धा तास डोंगरावर आपटण्यात जातो, पण एकदा हाताला बसलं की गाडीकडं बघवत नाही. दिवसभर कामात मान मोडून आल्यावर वीस मिनिटं काढायची तर मी डोळे झाकून हाच लावतो. पण साधारण पंधरा तासांनंतर प्रत्येक तळ सारखाच वाटायला लागतो, स्टोरी तर आठवत पण नाही. चार नंबरचा जस्ट कॉज २०१८ ला आला, त्यात चक्रीवादळ आणि दोरीला लावायचे फुगे आहेत, तरी सुरुवात तीननंच करावी असं मला वाटतं, कारण पुतळे पाडत गाव सोडवायची मजा तीनमध्येच आहे.

सेंट्स रो फोर (२०१३) थोडक्यात सांगतो. तू अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, परग्रहवाले येऊन तुला कॉम्प्युटरमधल्या खोट्या शहरात टाकतात आणि तिथं तुला अचाट शक्ती मिळतात. पहिले दोन तास कसलं भारी वाटतं! मग कळतं की तू गाडीपेक्षा जोरात पळतोस, इमारतीवरनं उडी मारतोस, म्हणजे गाडी चोरायचं कारणच उरलं नाही, आणि तुला अडवेल असं पण कोण उरलं नाही. आजोबा पुण्याला गेलेत. फक्त एक आहे, नेटवरनं दोघांना मिळून पूर्ण गेम खेळता येतो आणि मग शेजारचा दोस्तच चिडणारा होतो, तेव्हा मात्र धमाल. जोक बरेच चावट आहेत, घरच्यांसमोर लावू नकोस. करणारी व्होलिशन कंपनी २०२३ ला बंद झाली, त्यामुळं पुढचं काही येईल याची वाट बघत बसू नको.

राहिली बकरी. गोट सिम्युलेटर, १ एप्रिल २०१४, स्वीडनच्या कॉफी स्टेनचा. तू एक बकरी आहेस, डोक्यानं ढुशी मारायची, जीभ लांब काढून एखाद्या वस्तूला चिकटवायची आणि ती सगळ्या गावातनं फरफटत न्यायची, बस्स. गेम बंद पाडतील तेवढेच दोष काढले, बाकीचे मजेशीर म्हणून मुद्दाम ठेवले, त्यामुळं मान लांबते, पाय भिंतीत घुसतात, आणि तेच तर बघायचं असतं. मोठ्या माणसाला चार संध्याकाळी पुरेल. पण स्क्रीन वाटून एकाच पीसीवर घरातल्या घरात चौघांना खेळता येतो, बाकी तिन्हींत ती सोय नाही. घरात दहा-बारा वर्षांची बहीण किंवा भाचा असेल तर माझं मत सरळ बकरीला, कारण बाकीचे तिन्ही अठरा वर्षांवरच्यांचे आहेत आणि ते उगीच लिहिलेलं नाही. जीटीए फाईव्हमध्ये एका मिशनला माणसाचा छळ करायचाय, तोही बटणं दाबून आपल्या हातानं. मी तिशीत खेळलो तरी तिथं पोटात कसंतरी झालं, पोरांसमोर ते नको.

आता मशीनचं, कारण खानापूरच्या पावसाळ्यात लाईट किती टिकते आणि नेट कसं रडतं ते आपल्याला ठाऊक आहे. बकरीला दोन जीबी जागा आणि दोन जीबी रॅम पुरते. सेंट्स रोला साधारण दहा जीबी जागा, चार जीबी रॅम. जस्ट कॉज थ्री कमीत कमी आठ जीबी रॅम, जीटीएक्स ६७० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि ५४ जीबी जागा मागतो, सेकंडहँड पीसी घेतलेल्यांची गाडी बहुतेक इथंच अडते. जीटीए फाईव्ह जुन्या मशीनवर त्याच्यापेक्षा बरा चालतो, चार जीबी रॅमवर पण ओढतो, पण जागा शंभर जीबीच्या आसपास धरून चाल. मार्च २०२५ मध्ये पीसीसाठी नवीन एनहान्स्ड आवृत्ती आली, तिला एसएसडी (वेगवान डिस्क) लागतेच लागते, साध्या हार्ड डिस्कवाल्यांनी जुनी लेगसी टाकायची. आणि लाईट जाणारच असेल तर मिशन अर्धवट असताना चहाला उठायचं नाही, मिशन संपवायचं, गेममधला फोन काढून क्विकसेव्ह करायचं, मग उठायचं.

तर भावा, तुझं सांगतो. तुझ्या पीसीत आठ जीबी रॅम आहे पण कार्ड जीटीएक्स ६५०, त्यामुळं जस्ट कॉज थ्री आत्ता घेऊन पस्तावशील, कार्ड बदललंस की सगळ्यात आधी तो घे. आत्ता जीटीए फाईव्ह, लेगसी. ऑनलाईनच्या नादाला पहिले दोन महिने लागू नको, स्टोरी आणि पोलीस एवढंच खेळ. खानापुरात शंभर जीबी उतरवायला जाऊ नको, पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन शनिवारी बेळगावला ये, माझ्याकडं तुझ्या अकाउंटनं लॉगिन करून रात्रभर लावून ठेवू, सकाळी गेमचा फोल्डर कॉपी करून ने, घरी स्टीममध्ये (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) त्याच जागी टाकलास की राहिलेलं तेवढंच उतरवून घेतो. आणि बकरी पण घे, सेलमध्ये फार नाही, धाकटीला पण हात मारायला काहीतरी पाहिजे की.