तेच सीलबंद डबे

देवबागला कर्ली खाडीच्या काठी माझी अठरा फुटी फायबरची शिडाची होडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या आतल्या रंगकामात माझे २५ हजार रुपये बुडाले. ते कसे बुडाले हे होडी बाळगणाऱ्या इतरांना ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इतरांच्या होड्यांबरोबर माझी होडीही वर ओढून झापांच्या मांडवाखाली ठेवली होती. केबिनमधला जुना रंग बुरशीने काळवंडला होता. ओळखीतून आलेल्या एका रंगाऱ्याने ३८ हजारांत काम ठरवले: आधी घासकाम, मग इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) आणि त्यावर हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारे रसायन, मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. मालासाठी २५ हजार आगाऊ घेऊन त्याने सीलबंद डबे माझ्यासमोर मांडले. पैकी हार्डनरच्या एका डब्याची कड चेपलेली होती, एवढे माझ्या लक्षात राहिले. पक्के बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमी निवांत रवा, बिल मागीर देतंय."

जुलैच्या त्या दमट हवेत इपॉक्सी लावूच नये, कारण तो नीट सुकत नाही आणि पृष्ठभागावर तेलकट थर धरतो, हे मला माहीत होते. तरीही मी गप्प बसलो, आणि हा दोष माझाच. दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती. हार्डनर मिसळलेला रंग काही तासांतच आळतो आणि उरलेला भांड्यात दगडासारखा घट्ट होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले तेव्हा त्याच्या भांड्यातला रंग पातळच होता आणि त्यावर दुधासारखी साय धरली होती. साय धरतो तो दारे-खिडक्यांना लावायचा साधा ऑइलपेंट. ते पाहूनही मी काम चांगले चालले आहे असे म्हणत घरी गेलो, याची आता लाज वाटते.

गणपती झाल्यावर पहिले कडक ऊन पडले आणि बाकाच्या कडेचा रंग सुटला. नखाने ओढताच हातभर लांब पापुद्रा निघाला आणि खाली कारखान्यातून आलेला मूळ गुळगुळीत थर जसाच्या तसा चमकत होता, त्यावर पॉलिश पेपरचा एक ओरखडाही नव्हता. थिनरमध्ये भिजवलेले फडके दोन मिनिटे दाबून धरले, तर रंग फडक्याला लागून आला. हार्डनर घालून पुरता सुकलेला रंग असा विरघळत नाही. फळ्या उचलल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आतले पाणी तळाच्या खोलगट भागाकडे वाहून जावे म्हणून होडीला आतून बळकटी देणाऱ्या आडव्या फाट्यांना ठेवलेली भोके लांबीने (पुट्टीने) लिंपून टाकली होती आणि त्यामागे पावसाचे पाणी कुजत होते. रंगाची फसवणूक एक वेळ सोसता येते, पण फाट्यांच्या आतले लाकूड असे भिजत राहिले तर होडीच हातची जाते.

पुढे मालवण बंदरात दुसऱ्या एका मालकाच्या होडीपाशी मी तोच चेपलेल्या कडेचा डबा पाहिला, अजून सीलबंद. प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच डबे दाखवायचे आणि काम संपल्यावर परत न्यायचे, अशी ही रीत होती. त्या मालकाला मी तिथेच सावध केले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु पक्के बिल नाही आणि पैसे रोख दिलेले, त्यामुळे माझी बाजू लंगडी आहे. रंगारी मात्र राहिलेल्या १३ हजारांसाठी अजून फोन करतो.

आता मी स्वतःच घासतो आहे. जिथे फायबरचा कच्चा थर उघडा आहे, तिथे रेझिनमधले मेण वर आलेले असते. ते घासण्याआधी थिनरने पुसून काढावे लागते, नाहीतर पॉलिश पेपर ते ओरखड्यांतच दाबून बसवतो. त्यानंतर ८० नंबरचा पेपर. भोके मोकळी करून पाणी काढले आहे. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत प्रायमर लावीन, आणि या वेळी डब्याचे सील माझ्याच हाताने फोडीन.