पोर्तुगालचा फिशरमेन्स ट्रेल: दोन हंगाम चालून झाल्यावरचा अनुभव

एकदाच चालून आलेल्या माणसाचं मत बहुधा त्या आठवड्याच्या हवेवर ठरतं. म्हणून पानगळीत आणि पुन्हा वसंतात, कोरड्या-ओल्या अशा दोन्ही हवेत हे टप्पे चालून झाल्यावर आम्ही लिहायला बसलो. मुख्य सांगणं एकच आहे. इथला दिवस पायाखाली वाळू किती आहे यावर आखायचा असतो, किलोमीटरचा आकडा दुय्यम. हे ज्यांना आधी कळतं त्यांना ही वाट फार सुंदर वाटते. ज्यांना कळत नाही ते दुसऱ्या संध्याकाळी पायाचे फोड मोजत बसतात.

आधी वाटेची ओळख. पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावर, सीनेशजवळच्या साओ तोर्पेशपासून अल्गार्व्हमधल्या लागोशपर्यंत तेरा टप्प्यांची ही वाट आहे, एकूण २२६.५ किलोमीटर. 'रोता व्हिसेंतीना' या पायवाटांच्या जाळ्यातला हा समुद्राकडचा पदर. आतल्या बाजूने गावांना जोडत जाणारी 'हिस्टॉरिकल वे' ही दुसरी वाट वेगळी. २०१२ मध्ये सुरुवात झाली तेव्हा पोर्तो कोव्हो ते ओदसैश एवढे चार टप्पेच सलग होते, बाकीचे नंतर जोडले गेले. बराचसा भाग १९९५ पासून निसर्ग उद्यान म्हणून संरक्षित आहे. वाट फक्त पायी चालायची, सायकल चालत नाही. आखलेली वाट नवी असली तरी पायवाटा जुन्या आहेत: कोळी आणि गळकरी कड्यावरच्या आपापल्या जागी पोचायला ज्या वाटांनी जात आले, त्याच एकमेकींना जोडल्या आहेत. वाटेचे गुण आणि खोड्या दोन्ही यातूनच येतात.

आता वाळू. हा किनारा म्हणजे शिस्ट आणि ग्रेवॅक या जुन्या खडकांचे उभे कडे आणि त्यांच्या माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेले वाळूचे थर. म्हणजे आपण समुद्रापासून चांगल्या उंचीवर असतो आणि तरीही पाय पुळणीत रुतत असतात. कड्याच्या माथ्यावर घट्ट जमीन मिळेल, असं धरून चालणारे इथेच फसतात. घट्ट मातीवर ताशी चार किलोमीटर सहज जाणारा माणूस या भुसभुशीत वाळूत अडीच ते तीनवर येतो. पोर्तो कोव्हो ते व्हिला नोव्हा द मिलफोन्तेश हा टप्पा २० किलोमीटरचा, चढ नावापुरता, पण त्याला सात तास धरा. पेसगैरो बेटासमोरचा किल्ला मागे पडला की मल्याओच्या पुळणीपर्यंत टेकाडांमागून टेकाडं येतात, आणि नेमकी तीच वेळ ऊन चढायची असते. पहिल्याच दिवशी हा टप्पा घेणाऱ्यांनी सकाळी साडेसातला निघावं. दव पडलेली वाळू घट्ट असते, दहा-अकराला ती सुकली की तीच वाळू दुप्पट दमवते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर हा टप्पा चक्क सोपा जातो.

काही ठिकाणी खाली उतरून ओल्या, कडक पुळणीवरून चालता येतं आणि पायांना मोठा आराम मिळतो. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय उतरू नका. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीतला फरक तीन मीटरच्या वर जातो, आणि भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं. ओहोटीच्या आधी दीड तास उतरावं आणि पाणी फिरलं की वर यायची वाट धरावी. पुढचा चढ कुठे आहे हे नकाशावर दिसत नसेल तर उतरूच नये. अटलांटिकच्या मोठ्या लाटा असतील त्या दिवशी हा विचारही सोडावा.

वाटेवरच्या खुणा हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या. दोन समांतर पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, वळलेल्या पट्ट्या म्हणजे त्या बाजूला वळा, फुली म्हणजे इकडे जाऊ नका. खुणा लाकडी खांबांवर, दगडांवर, कधी कुंपणाच्या खांबावर असतात. सहसा चुकायला होत नाही, आणि चुकतो ते एकाच कारणाने. गळकऱ्यांच्या पायवाटा अजून रोज वापरात आहेत आणि त्या जागोजागी मुख्य वाटेतून समुद्राकडे फुटतात. पावलांनी मळलेल्या असल्यामुळे कित्येकदा त्याच जास्त ठळक दिसतात. त्या थेट कड्याच्या टोकाला, दोर लावून उतरायच्या जागी जाऊन संपतात. पाच-सात मिनिटं खूण दिसली नाही तर मागे फिरावं, हा नियम पाळा. कड्याच्या काठापासून दोन-तीन मीटर आतूनच चाला. वर वाळू आणि खाली झिजलेला शिस्ट, अशा काठाला खालून आधार नसतो आणि वरून ते कळत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात तर मोठी सॅक शिडासारखी ओढते. धुकं फोनमधल्या नकाशाला अडवत नाही. टप्प्यांच्या जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनच्या नकाशावर वाट दाखवणाऱ्या फाइल, आधी उतरवून ठेवा, आकाश मोकळं असल्याने जीपीएस नीट चालतो.

पादत्राणांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त हाल त्यांच्यामुळेच होतात. घोट्यापर्यंतचे जाड चामड्याचे बूट इथे नकोत. आत गेलेली वाळू त्यांतून बाहेर येत नाही, आणि घाम साचून कातडी मऊ पडते. मऊ कातडी आणि वाळूचा कण हे दोन्ही एकत्र आले की फोड ठरलेलाच. हलके ट्रेल रनिंग शूज चांगले, पण जाळी बारीक विणीची हवी. मोकळ्या जाळीच्या बुटांत वाळू वरूनही झिरपते आणि बोटांच्या टोकाशी साचून नखांखाली टोचते. माप नेहमीपेक्षा अर्ध्याने मोठं घ्या, कारण वाळूत बोटं सतत पसरतात आणि दुपारपर्यंत पाऊल सुजतं. बुटांवर ताणून बसवायचे कापडी गेटर्स, अगदी पातळ आणि घोट्यापर्यंतचे, वजनाच्या मानाने सगळ्यात उपयोगी वस्तू ठरले. त्यांचा पायाखालून जाणारा पट्टा किंवा दोरी मात्र वाळूने घासून तुटते, एक जादा बाळगा. दर दोन तासांनी बूट काढून आतला सोल उचलून झटका, कारण बारीक वाळू सोलच्या खाली साचते आणि नुसता बूट उलटा करून पडत नाही. मोजे दुपारी बदला. टाचेला आणि अंगठ्याच्या कडेला चिकटपट्टी सकाळी, कोरड्या पायाला लावावी. दुखायला लागल्यावर लावलेली पट्टी ओल्या, वाळू लागलेल्या कातडीवर टिकत नाही.

काठ्या न्याव्यात, पण टोकाजवळ रुंद चकत्या बसवून. नेहमीच्या छोट्या चकतीची काठी वाळूत वीतभर घुसते आणि प्रत्येक पावलाला ती उपसण्यात खांदे दुखतात. पिळून घट्ट करायच्या काठ्या काही दिवसांत अडकतात. नळीत वाळू जाते, वर खारं दमट हवामान, आणि मग लांबी ना वाढते ना कमी होते. खटक्याने बंद होणाऱ्या काठ्या जास्त टिकतात. कुठलीही असो, मुक्कामी पोचल्यावर सुटी करून गोड्या पाण्याने धुवा आणि रात्रभर सुटीच सुकू द्या. सॅकच्या चेनचंही तसंच, मीठ धरलं की दात बसत नाहीत. फोन चार्ज करायच्या खाचेत वाळू जाते, तो झिपच्या पिशवीत ठेवा.

दिशा कुठली, हा प्रश्न नेहमी येतो. उत्तरेकडून दक्षिणेला चाला. इथला नेहमीचा वारा उत्तरेचा, त्याला स्थानिक लोक 'नोर्ताडा' म्हणतात. तो पाठीवर असला तर मदत करतो, तोंडावर असला तर डोळ्यांत वाळू भरतो. याची किंमत म्हणजे दुपारचं ऊन समोरून येतं. तेव्हा बाजूने बंद असलेला गॉगल, कडा असलेली आणि हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी, आणि मान झाकायला पातळ रुमाल. पावसासाठी पोंचो नको, वाऱ्यात तो डोक्यावर येतो. अंगाबरोबर बसणारं जाकीट घ्या.

पाणी गावातच मिळतं. दोन गावांच्या मध्ये पिण्याजोगा झरा धरून चालू नका. थंड दिवसात दोन लिटर, तापलेल्या दिवसात तीन. झांबुझैराकडे जाताना काबो सार्दाओच्या दीपगृहाजवळचं काव्हालेरो गाव आणि झांबुझैरा-ओदसैश टप्प्यातलं आझेन्या दो मार हे छोटं बंदर, या दोन ठिकाणी मध्येच खायला मिळू शकतं, पण हंगाम नसताना कॅफे बंद असतात. आदल्या संध्याकाळी पाव, चीज, फळं घेऊन ठेवणंच शहाणपणाचं. काही छोट्या दुकानांत परदेशी कार्ड चालत नाही, रोख युरो जवळ हवेत. शाकाहारी माणसाला थोडं अवघड जातं, कारण भाज्यांच्या सूपमध्येही सॉसेजची चकती पडलेली असू शकते. 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. ओदेमीरा भागात प्लास्टिकच्या छताखालची फळशेती मोठी आहे आणि तिथे भारत-नेपाळ-बांगलादेशातून आलेले कामगार राहतात. त्यामुळे आतल्या साओ तेओतोनिओसारख्या गावात डाळ-तांदूळ-मसाल्याचं दुकान सापडतं. वाटेवर ही प्लास्टिकची छतं काही ठिकाणी अगदी जवळ येतात, तो भाग डोळ्यांना रुचत नाही.

नद्या दोन ध्यानात ठेवाव्यात. मिलफोन्तेशला मिरा नदीच्या मुखाशी पलीकडच्या फुर्नाशच्या पुळणीवर जायला होडी असते, पण ती हंगाम आणि हवा पाहून सुटते. नसेल तर पुलावरून वळसा, आणि त्यात गाडीरस्ता. आदल्या दिवशीच धक्क्यावर चौकशी करा. दुसरी सैश. झांबुझैराहून येताना कड्यावरून समोर ओदसैशची पुळण दिसते, माणूस मनात म्हणतो पोचलो, आणि तिथून वाट नदीकाठाने आत वळते. गाव अजून तीन-चार किलोमीटर लांब आहे. त्यासाठी अर्धा लिटर पाणी राखून ठेवा. हीच नदी अलेन्तेजो आणि अल्गार्व्ह या दोन प्रांतांची सीमा.

चारच दिवस असतील तर पोर्तो कोव्हो ते ओदसैश करा, दुसरा विचार नको. त्यातला २२ किलोमीटरचा अल्मोग्राव्ह-झांबुझैरा टप्पा आमच्या मते सगळ्यात श्रीमंत. लापा द पोंबाशचं कड्याच्या खाचेतलं इवलं बंदर, तांबूस टेकाडं, आणि काबो सार्दाओजवळ समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांवर घरटी करणारे पांढरे करकोचे. समुद्रकड्यावर करकोच्यांची अशी वस्ती याच किनाऱ्यावर आहे. वसंतात पिलं असतात, काठावर वाकून बघू नका, पक्षीही बिथरतात आणि काठही ढासळतो. दुर्बीण न्या. साओ तोर्पेश ते पोर्तो कोव्हो हा दहा किलोमीटरचा पहिला टप्पा सोडला तरी चालेल, सुरुवातीला पाठीशी सीनेशचा औद्योगिक भाग राहतो.

ओदसैशच्या पुढे वाळू कमी होते आणि कधी वाट आतल्या शेतांतून, रोजिलजवळ पाटाच्या कडेने जाते. साग्रेश वळलं की सगळंच बदलतं. खडक चुनखडीचा, किनारा दक्षिणमुखी, उत्तरेचा वारा बराच अडलेला. प्रत्येक ओढ्याने आपली दरी कोरलेली, त्यामुळे साग्रेश-सालेमा टप्प्यात एकेका पुळणीला उतरायचं आणि लगेच चढायचं. सुट्या खड्यांवरून उतरताना पाय घसरतात. फक्त वाळूसाठी आणलेले गुळगुळीत तळव्याचे बूट इथे त्रास देतात.

मुक्कामाचं आधी ठरवा. अधिकृत जागा सोडून तंबू टाकायला बंदी आहे आणि दंड होतो. एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर या महिन्यांत छोट्या गावांत आयत्या वेळी खोली मिळत नाही. मोठी पिशवी पुढच्या मुक्कामी गाडीने पोचवायची सोय आहे, ती खुशाल वापरा. वाळूत पाठीवरचे सहा किलो आणि अकरा किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पिशवी सकाळी लवकर तयार ठेवावी लागते आणि पुढचा पत्ता बदलला तर वेळेत कळवावं लागतं, नाहीतर पिशवी एका गावात आणि आपण दुसऱ्या.

वाट सांभाळणाऱ्यांचा सल्ला सप्टेंबर ते जून चालण्याचा आहे, तो पाळा. जुलै-ऑगस्टमध्ये सावली नसलेल्या टेकाडांवर उष्माघाताची भीती, वर वणवे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ओदेमीरा भागात मोठा वणवा लागला होता. हिवाळ्यात ओढे फुगतात आणि अंधार लवकर पडतो. मार्च ते मे फुलांचे दिवस, पण तेव्हा झुडपांत गोचिडी असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेशी तपासा. पाइनच्या झाडांखाली एकामागे एक रांगेत चालणारे केसाळ सुरवंट दिसले तर हात लावू नका, त्यांच्या केसांनी अंगभर पुरळ उठतं. अडचणीत ११२ हा नंबर.

लिस्बनहून पोर्तो कोव्होला जायला सेते रिओश स्थानकावरून बस असते, हंगाम नसताना फेऱ्या कमी होतात. परतीला लागोशहून रेल्वे आहे, वाटेत तुनेशला गाडी बदलावी लागते. शेवटचा लूश-लागोश टप्पा फक्त अकरा किलोमीटरचा आहे, त्यामुळे सकाळी वेळेत निघालात तर त्याच दुपारची गाडी मिळते.