मेलबर्नला जाणार असाल तर जॉर्ज क्रॉसची एक मॅच बघाच

बेळगाव-खानापूर भागातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आता मेलबर्नच्या पश्चिमेला राहतं. टारनिट, ट्रुगनिना, पॉइंट कुक ही नावं शहापूर-वडगावच्या आज्यांनाही पाठ झालीत. पोरं आपल्याला हौसेनं तिकडं नेतात, समुद्रकाठचा रस्ता, कांगारू आणि मॉल दाखवतात. माझं म्हणणं एवढंच, त्यातली एक संध्याकाळ फुटबॉलला द्या. कॅरोलाइन स्प्रिंग्ज जॉर्ज क्रॉस या क्लबची त्यांच्या घरच्या मैदानावरची मॅच बघा. मी बघितली आणि मला फार आवडली.

मी शाळेत पी.टी. शिकवते, मुलींचा फुटबॉल संघ तयार करते. त्यामुळं कुठल्याही मैदानात शिरले की स्कोअरबोर्डच्या आधी मी बाकीचं बघते. मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, पाण्याचा नळ कुठं आहे, गोलच्या जाळीला भोकं किती आहेत. हे परीक्षणही त्याच नजरेनं लिहिलंय.

आधी क्लबविषयी. मेलबर्नला स्थायिक झालेल्या माल्टाच्या लोकांनी तो १९४७ मध्ये काढला. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं ३१६ चौरस किलोमीटरचं राष्ट्र. आपल्या खानापूर तालुक्यात आरामात बसेल. दुसऱ्या महायुद्धात या बेटावर बॉम्बचा नुसता पाऊस पडला. लोक उपाशी राहिले, पण हटले नाहीत. १५ एप्रिल १९४२ रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी अख्ख्या बेटाला 'जॉर्ज क्रॉस' हे शौर्यपदक दिलं. माल्टाच्या झेंड्यावर ते आजही आहे. पाच वर्षांनी, हजारो मैल लांब, तिथल्या पोरांनी आपल्या संघाला तेच नाव दिलं. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि माल्टा यांच्यात स्थलांतराचा करार झाला आणि बोटी भरभरून माणसं आली. त्यांतली कितीतरी सनशाइन या कारखान्यांच्या वस्तीत आणि आसपास राहिली. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी बॉल खेळायचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीची पाळी संपवून थेट मैदानावर येणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९६४ मध्ये या क्लबनं ऑस्ट्रेलिया कप जिंकला. माल्टा स्वतंत्र झाला तेही त्याच वर्षी, २१ सप्टेंबरला. पुढं १९८४ ते १९९१ ते तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळले. माल्टाच्याच लोकांनी काढलेला शेजारचा ग्रीन गली क्लबही १९८४ मध्येच त्या लीगमध्ये आला होता. केव्हिन मस्कॅट, जो पुढं ऑस्ट्रेलियाकडून खेळला आणि ज्यानं २०२२ मध्ये योकोहामा एफ. मरिनोसचा प्रशिक्षक म्हणून जपानची लीग जिंकली, तो कोवळ्या वयात याच क्लबातून खेळला.

एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला जास्त भिडेल. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेनं नियम केला, की नवे क्लब काढताना किंवा नाव बदलताना नावात आणि बोधचिन्हात वांशिक ओळख नको. २०१९ मध्ये तो मागं घेतला. त्याच २०१४ च्या १ नोव्हेंबरला आपल्या बेळगावचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं आणि पाट्या बदलल्या. नाव, पाटी, भाषा यांचं माणसाच्या आत काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पंचाहत्तरहून जास्त वर्षं तेच नाव छातीवर वागवणारा संघ मैदानात उतरला तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

एप्रिल-मेच्या सुट्टीत लेकीकडं होते, तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी जावयांनी नेलं. लेक म्हणाली, "आई, इथं येऊनही मैदानच का?" पण आली, नातीलाही घेऊन आली. सनशाइनमधलं चॅप्लिन रिझर्व्ह हे क्लबचं कित्येक दशकांचं मैदान सुटलं, तसा क्लब आणखी पश्चिमेला सरकला. आताचं मैदान फ्रेझर राइजला, सिटी व्हिस्टा इथं आहे.

हा सेमी-प्रोफेशनल क्लब आहे, म्हणजे खेळाडूंना थोडंफार मानधन मिळतं, पण घर चालतं ते दुसऱ्या कामावर. सराव संध्याकाळचा. गाड्या लावायच्या जागेत एक पोरगा दिसला. अंगात साइटवर घालतात ते चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पँटवर सिमेंट. त्यानं डिकीतून स्टड्स, म्हणजे फुटबॉलचे खिळ्यांचे बूट काढले, टायरवर आपटून वाळलेला चिखल पाडला आणि पळतच आत गेला. मग तोच लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावाला उभा! शेवटची दहा मिनिटं त्याच्या पायात गोळे येत होते, तरी प्रत्येक वेळी कडेनं चढाई करणाऱ्या विंगरच्या मागं धावला. कठड्याला टेकून उभं राहिलं की टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेघ चार पावलांवर असते. त्याचा दम ऐकू येतो, गोलकीपर कोणाला काय ओरडतो ते कळतं. टीव्हीवर मोठी मॅच बघणाऱ्या मुलांना फुटबॉल किती बोलून खेळतात हे समजतच नाही, ते इथं कळतं. मॅच बरोबरीत सुटली. दर्जा? आपल्याकडं चोर्ला घाटातून येणाऱ्या चांगल्या गोवेकर संघापेक्षा वेग जास्त, पायातली कला तितकी नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीनं आलेले. क्लबच्या जुन्या मैदानावर वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघितल्या म्हणाले. नातवाशी इंग्रजी बोलत होते, पण बॉल गोलजवळ गेला की तोंडून माल्टीज निघायची. मी कुठली विचारलं. गोव्याच्या जवळची म्हटल्यावर गोवा त्यांना माहीत होतं. मी सांगितलं, आमच्याकडं घरात मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली आणि म्हणाले, मग तुम्हाला हा क्लब कळेल.

मैदानावरच्या पोरांत आता सगळ्या देशांचे चेहरे आहेत, आपलेही. मला हे फार बरं वाटलं. नाव माल्टाचं ठेवलं आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं, म्हणून क्लब टिकला असं माझं मत झालंय.

खाण्याचं सांगायलाच हवं. पास्टिझी घ्या. बेकरीतल्या आपल्या पफसारखं, पण पापुद्रे जास्त पातळ आणि आकार होडीसारखा निमुळता. आत रिकोटा चीज नाहीतर मसाला घातलेला वाटाण्याचा लगदा. वाटाण्याचं मला जास्त आवडलं. थंडीत हात भाजत खाल्लं. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा, पारीत कधी कधी प्राण्याची चरबी असते. किनी नावाचं माल्टाचं थंड पेय मिळालं तर एक बाटली चौघांत घ्या. कडू संत्र्याचं आहे, सगळ्यांना झेपेल असं नाही. नातीनं एका घोटात तोंड फिरवलं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मॅचआधीच्या सरावानं. बारा-तेरा वर्षांच्या मुली खेळत होत्या आणि त्यांची प्रशिक्षक एकच गोष्ट घोकून घेत होती: बॉल पायात येण्याआधी खांद्यावरून मागं बघ. पास यायच्या आत ती मुलीच्या पाठीमागून हाताची बोटं दाखवायची आणि मुलीनं किती बोटं ते ओरडून सांगायचं, मगच बॉल. न सांगणारीला बॉलच नाही. साधं, बिनखर्चाचं. परत आल्यावर मी आमच्या मुलींना हेच सुरू केलंय आणि आमची सेंटर हाफ, म्हणजे मधल्या बचावातली मुलगी, आता बॉल घेताना आंधळी वळत नाही. मुली आपापल्या पिशव्या घेऊन आतल्या खोलीतून बदलून येत होत्या, हे मी मुद्दाम उभं राहून बघितलं. आमच्या मुली स्पर्धेला गेल्या की दोघी ओढणी धरतात आणि तिसरी जर्सी बदलते. बेळगावात स्पर्धा भरवणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी या एका खोलीचा खर्च धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गैरसोय म्हणाल तर वारा. मोकळ्या माळावरून येतो आणि स्वेटर भेदून जातो. शिवाय कॅरोलाइन स्प्रिंग्ज स्टेशन मैदानापासून लांब आहे, चालत जायचा विचार करू नका. घरची गाडी नसेल तर परतीची सोय आधी ठरवा. आम्ही एकदा मोबाइलवरून मागवलेली टॅक्सी आयत्या वेळी रद्द झाली आणि नात थंडीत कुडकुडत उभी राहिली. फेब्रुवारी-मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मॅच असतात. तारीख, वेळ आणि मैदान निघण्याआधी इंटरनेटवर बघून घ्या. कानटोपी न्या, आणि नातवंडं खेळत असतील तर त्यांचे स्टड्स गाडीत असू द्या.