केंद्रातून घरी आल्यावर पुढे काय? फॉलोअप, मीटिंग की गोळी

जूनमध्ये दादा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. वहिनींनी ओवाळलं, पुरणपोळी केली. केंद्राने हातात फाईल आणि गोळ्यांची चिठ्ठी दिली होती. पुन्हा कधी यायचं हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं. मग ऑक्टोबर छाटणी झाली, पाठोपाठ आठवडाभर पाऊस लागला आणि द्राक्षबागेत डावणी हा बुरशीचा रोग शिरला. दादा तासगावच्या स्टँडमागे दारू पिऊन पडलेला सापडला.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आम्ही जवळपास सगळे मार्ग करून बघितले. सांगली-साताऱ्याकडच्या कोणाच्या घरी आज हाच प्रश्न असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट. दारूचं व्यसन हा बीपी-शुगरसारखा चिवट आजार आहे. अमेरिकेतल्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेच्या मते उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि बीपी किंवा दम्याच्या रुग्णांचंही साधारण असंच होतं. बीपीची गोळी महिनाभर घेऊन कोणी कायमची बंद करत नाही. इथे मात्र महिनाभर केंद्रात राहिला की झालं, असं आपण धरून चालतो.

पहिला मार्ग म्हणजे केंद्राचाच फॉलोअप. फायदा असा की समुपदेशकाला आपल्या माणसाची सगळी कुंडली माहीत असते. पहिल्यापासून काही सांगावं लागत नाही. अडचण अंतराची. १९८६ साली सुरू झालेलं पुण्याचं मुक्तांगण सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं साताऱ्याचं परिवर्तन कराड-वाईकरांना सोयीचं, पण जत-आटपाडीच्या माणसाचा जाऊन-येऊन दिवस मोडतो. दिवस मोडला की मजुरी बुडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाणं सुटतं. केंद्र तासाभराच्या अंतरावर असेल तर फॉलोअप अजिबात सोडू नका. लांब असेल तर निदान फोनवर ठरलेल्या वारी बोलणं होईल का, ते विचारा.

दुसरा मार्ग, एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली, तिथून हे सुरू झालं. फी नाही, नाव नोंदवणं नाही. डबा फिरतो, ऐपत असेल तो दहा-वीस रुपये टाकतो. मी दादाबरोबर एका खुल्या, म्हणजे घरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगला गेले होते. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यावर गुडघे मुडपून बसलेले मोठे बाप्ये, फळ्यावर दुपारचा सातचा पाढा तसाच. एका द्राक्षवाल्याने सांगितलं की मालाचे पैसे हातात आले त्याच दिवशी त्याने ट्रॅक्टरची ट्रॉली गहाण टाकली, आणि घरी दोन महिने कोणाला पत्ता नव्हता. परत येताना दादा मिरजेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "तो माझंच सांगत होता." डॉक्टरांपुढे तो असं कधी बोलला नव्हता.

मीटिंगचं मोल माझ्या मते यातच आहे. दुसरं म्हणजे स्पॉन्सर, ज्याने आपल्या आधी सोडलेली असते आणि ज्याला रात्री अकरालाही फोन लावता येतो. गेल्या पावसात दादाने तसा फोन लावला. चाळीस मिनिटं बोलला आणि झोपला. केंद्राचं ऑफिस त्या वेळी बंद असतं, आणि बायकोला "मला प्यावीशी वाटतेय" हे सांगणं फार अवघड जातं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस दिसली. उणीव एवढीच की सगळ्या गावांत मीटिंग नाही, आणि काहींना त्यातली ईश्वराची भाषा मानवत नाही. अशा माणसाला जबरदस्तीने बसवू नका.

तिसरा मार्ग डॉक्टर आणि गोळी. सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्च कमी. झोप उडणं, उदासी, भीती असेल तर हा मार्ग टाळूच नये. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं वेगळी आणि डायसल्फिरॅम वेगळी. डायसल्फिरॅम घेतल्यावर दारू पोटात गेली की छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. ती चहात किंवा आमटीत चोरून कालवून कधीही देऊ नका. आमच्याकडे वहिनी रोज सकाळी बशीत गोळी ठेवून समोर उभ्या राहायच्या. दिवाळीच्या साफसफाईत गोठ्याच्या पत्र्याखालच्या सांदीत सतरा गोळ्या सापडल्या, बुरशी आलेल्या. दारूपेक्षा त्या सतरा गोळ्यांनी वहिनी जास्त खचल्या. नवरा-बायकोत पोलीस-चोराचं नातं झालं होतं. आता दादा गोळी माझ्या धाकट्या भावासमोर घेतो, आणि स्वतःहून मागून घेतो.

चौथा मार्ग, "मनावर घेतलं की सुटते, कशाला कुठे जायला पाहिजे?" आमचे पहिले चार महिने याच मार्गाने गेले.

मग निवडायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: दर आठवड्याला पोचता येईल ते पहिलं, नावाजलेलं ते नंतर. गावापासून अर्ध्या तासावर मीटिंग असेल तर ती आठवड्याला आणि डॉक्टर महिन्याला, ही जोडी मला सगळ्यात भक्कम वाटते. मीटिंग जवळ नसेल तर डॉक्टर आणि ठरलेल्या वारी समुपदेशकाचा फोन. अडीअडचणीला १४४४६ ही नशामुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि घरच्या बाईला तिची स्वतःची जागा हवी: अल-अनॉनची, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांसाठीची मीटिंग, नाहीतर केंद्रातला बायकांचा गट. वहिनी तिथे जायला लागल्या तेव्हा कुठे त्यांची झोप परतली.

पुन्हा घसरला आणि रोज पिऊ लागला, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते. थेट दवाखाना गाठा.

केंद्रातून नाव कमी करण्याआधीच तिथे बसून पहिल्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून घ्या. मीटिंगचा वार, डॉक्टरची तारीख, रात्री फोन कोणाला करायचा ते नाव. शेजारीच गावची जत्रा, गटारी, उसाचं किंवा द्राक्षाचं बिल निघण्याचे दिवस आणि घरातली लग्नं लिहा. त्या दिवशी तो कुठे असेल आणि सोबत कोण असेल, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा.