सेकंडहँड मस्टँग जीटी, बावीस हजार मैलांनंतर

माझा धंदा आवाजाचा. मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सोळा वर्षं आवाज आणि कंपनं मोजते. सीटखाली मायक्रोफोन लावायचे, गाडी रोलरवर पळवायची, कितव्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, डॅशबोर्ड खडखडतो आणि कुठे कानाला दडे बसतात ते शोधून काढायचं. गाडी गप्प झाली की माझं काम झालं.

अशा बाईने आठ सिलिंडरची गाडी का घेतली, हे नवऱ्याने एकदाच विचारलं. मी त्याला शेजारच्या आजोबांच्या गॅरेजसमोर उभं केलं आणि त्यांना गाडी सुरू करायला सांगितलं. त्यांची १९६९ची पाँटियाक जीटीओ. ती सुरू झाल्यावर आमच्या पायाखालचं काँक्रीट हलकेच थरथरलं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

मी २०२३च्या ऑक्टोबरात घेतली ती २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, हाताने टाकायचे सहा गिअर, गडद निळा रंग. तेव्हा ती ३१,००० मैल चाललेली होती आणि मी २९,५०० डॉलर मोजले. दहा गिअरची ऑटोमॅटिकही मिळत होती, आणि शर्यतीच्या पट्टीवर तीच जास्त वेगवान. पण मला डाव्या पायाला काम हवं होतं. आज मीटरवर ५३,००० मैल आहेत. दोन हिवाळे, ऑफिसचं रोजचं जाणं-येणं, आणि मिशिगनच्या वरच्या टोकापर्यंतच्या चार लांब सफरी तिच्यातून झाल्या. त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी आवाजाबद्दल, कारण ही गाडी घ्यायची ती त्याच्यासाठी.

अमेरिकन व्ही-८चा तो गुरगुरता, अडखळता आवाज सायलेन्सरमधून येतो असं पुष्कळांना वाटतं. त्याचा उगम खोल आत, क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यात असतो. या इंजिनात क्रँकचे चार खांदे एकमेकांशी नव्वद अंशांत असतात, समोरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसावं तसे. त्यामुळे सगळं इंजिन धरलं तर दर नव्वद अंशांना एक स्फोट होतो, अगदी नियमित. पण एकाच बाजूचे चार सिलिंडर घेऊन ऐकलं तर अंतरं पडतात नव्वद, एकशे ऐंशी, दोनशे सत्तर, एकशे ऐंशी. म्हणजे दोन ठोके लगोलग, मग जरा थांबून एक, मग लांब पोकळी. प्रत्येक बाजूच्या नळीतून हा लंगडा ठेका बाहेर पडतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की ती गुरगुर तयार होते. मस्टँगच्याच शेल्बी जीटी३५० या प्रकारात फोर्डने क्रँक सपाट ठेवला होता. तिथे प्रत्येक बाजूचे ठोके समान अंतरावर पडतात, म्हणून ती ८,२५० आरपीएमपर्यंत किंचाळत जाते. फार सुंदर गाडी आहे ती. पण तिचा आवाज ऐकताना मला युरोप आठवतो. माझ्या जीटीचा आवाज ऐकताना मला माझा रस्ता आठवतो.

माझ्या गाडीत सायलेन्सरला झडपा आहेत आणि त्या उघड-बंद करून आवाजाचे चार प्रकार मिळतात. सेकंडहँड घेत असाल तर ही सोय असलेलीच शोधा, जास्तीचे पैसे पडले तरी. ठरावीक तासांत गाडी दबक्या आवाजातच सुरू व्हावी अशी वेळही लावता येते. मी सकाळी सहाला निघते, तेव्हा गल्लीतलं एकही बाळ माझ्यामुळे उठत नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक बटण दाबायचं. आवाज कुठे उघडायचा आणि कुठे झाकायचा हे ज्या इंजिनिअरांनी इतक्या बारकाईने ठरवलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. थंड इंजिन सुरू झाल्यावर बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक येते, ती मात्र सायलेन्सरची नव्हे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारे इंजेक्टर तसेच वाजतात. पहिल्यांदा गाडी बघायला गेलात तर दचकू नका.

आता ताकद. कागदावर ४६० हॉर्सपॉवर. जुन्या मसल कारची, म्हणजे साध्या गाडीत मोठं इंजिन घातलेल्या अमेरिकन गाडीची, ओढ मनात धरून बसाल तर पहिल्या दिवशी थोडं चुकल्यासारखं होईल, मलाही झालं. हे इंजिन खाली समजूतदार असतं. चार हजारांपर्यंत कुठल्याही चांगल्या गाडीसारखं चालतं, पाच हजारांच्या पुढे त्याच्या अंगात येतं आणि साडेसात हजारांपर्यंत ते दमत नाही. आजोबांच्या जीटीओचं गणित उलटं आहे. तिचं ४०० घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं इंजिन तीन हजार आरपीएमलाच आपला सगळा पीळ, म्हणजे टॉर्क, देऊन मोकळं होतं. त्यानंतर ओढत राहण्यात अर्थ नाही, गिअर बदलायचा.

आजोबा त्यांच्या गाडीचे ३५० हॉर्सपॉवर अभिमानाने सांगतात आणि मी कधी खोडून काढत नाही, पण तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७२च्या आधी अमेरिकन कंपन्या ताकद मोजत ती इंजिन बाकावर ठेवून, पूर्ण सायलेन्सर नाही, पंखा-अल्टरनेटरसारखं ओझं नाही अशा अवस्थेत. नंतर गाडीत बसवल्यावर असेल तसं इंजिन मोजायची पद्धत आली आणि आकडे एका रात्रीत खाली आले. तेव्हा १९७०च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसचे ४५० आणि माझ्या गाडीचे ४६० शेजारी शेजारी लिहू नयेत. त्या गाड्यांचा मान आकड्यामुळे कमी होत नाही. दोन वेगळ्या तराजूंची मापं आहेत, इतकंच.

जीटीओ मी स्वतः चालवली आहे, गेल्या जूनमध्ये. आजोबांनी किल्ली हातात दिली तेव्हा माझ्या तळहाताला घाम आला होता. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा म्हणजे चोक बसतो, मग किल्ली फिरवायची. केबिनमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास. पातळ, मोठ्या घेराचं स्टेअरिंग, मध्ये दोन बोटं रिकामं फिरणारं. टॅकोमीटर आत नाहीच, बाहेर बॉनेटवर काचेपुढे बसवलेला! हर्स्टचा गिअरदांडा हातात बसला की चारही गिअर लोखंडाच्या कुलपासारखे लागतात. आणि मग ब्रेक. त्यांच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या डिस्क तेव्हा वेगळे पैसे देऊन घ्याव्या लागत. पहिल्या सिग्नलला मी नेहमीच्या अंतरावर ब्रेक दाबला आणि पुढच्या व्हॅनचा बंपर अंगावर येताना दिसला. आजोबा शांतपणे म्हणाले, “अगं, हिला आधीपासून सांगून ठेवावं लागतं.” त्या दिवसानंतर माझ्या मस्टँगच्या ब्रेकबद्दल मी कधी तक्रार केली नाही. विशीतली मुलं साठ वर्षांपूर्वी असल्या ब्रेकवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत होती, हे आठवलं की काळजात धस्स होतं.

मस्टँग ही मसल कार नव्हेच, असं आजोबांचं मत आहे आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्या व्याख्येत मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या कौटुंबिक गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ची जीटीओ तशीच जन्मली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा पाँटियाकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. पाँटियाकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट या मध्यम गाडीच्या यादीत जास्तीची सोय म्हणून घातलं. पहिल्याच वर्षी तशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्यावर नियमाची आठवण कोण काढणार! मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, छोटी, देखणी, खिशाला परवडणारी. अशा गाड्यांना पोनी कार म्हणतात. मी आजोबांशी वाद घालत नाही. माझ्या मते तो फरक १९७०पर्यंत खरा होता. आज मागची चाकं फिरवणारी, व्ही-८ची, पगारदार माणसाला घेता येणारी दोन दारांची अमेरिकन कूपे नवी घ्यायला गेलं तर मस्टँगशिवाय काय उरलं आहे?

घेण्याआधी मी बाकीच्या दोघींनाही चालवून पाहिलं होतं. डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक, ४८५ हॉर्सपॉवर, मला मनापासून आवडली. मागे खरंच दोन मोठी माणसं बसतात, डिक्की प्रचंड, आणि ३९२ घनइंचांचं इंजिन अगदी तळापासून ढकलतं. तिघींत जुन्या गाडीच्या सर्वांत जवळ तीच. पण वजन चार हजार दोनशे पौंडांच्या वर, आणि वळणावर ते वजन तुमच्या खांद्यावर येतं. शेव्हरोलेची कॅमेरो एसएस उलट. वळणावर तिघींत सर्वांत चपळ तीच, पण खिडक्या इतक्या अरुंद की लेन बदलताना मला धाकधूक व्हायची. रोज हायवेवर जाणाऱ्या बाईला बाहेरचं दिसलं पाहिजे. चॅलेंजरचं उत्पादन २०२३च्या अखेरीला थांबलं, कॅमेरोचंही त्याच सुमारास. सेकंडहँड बाजारात दोन्ही भरपूर आहेत. लांब हायवे आणि मागे माणसं असतील तर बिनधास्त चॅलेंजर घ्या.

मस्टँगची मागची सीट माणसांसाठी नाही. माझी सोळा वर्षांची मुलगी मागे बसली की तिचं डोकं काचेला टेकतं. दरवाजे लांब आहेत, त्यामुळे मॉलच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांमधून बाहेर पडताना पोट आत घ्यावं लागतं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत लावते आणि चालत जाते. पेट्रोलचं सरासरी गॅलनला १८ मैल पडतं, हायवेवर २४पर्यंत जातं. इंजिनला ऑईल लागतं दहा क्वार्ट, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर, साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट, तेव्हा सर्व्हिसिंगचा हिशोब आधी करा. विम्याचं कोटेशन गाडी घेण्याआधी मागवा. मी नंतर मागवलं आणि मग दोन दिवस वेगवेगळ्या ठिकाणी फोन करत बसले.

बर्फाबद्दल सगळेच विचारतात. बर्फाचे चार टायर घातले आणि मोड बदलला तर ही गाडी मिशिगनच्या हिवाळ्यात चालते. दोन हिवाळ्यांत मी एकदाही अडकले नाही. उन्हाळी टायरांवर मात्र कडाक्याच्या थंडीत घराबाहेरही काढू नका, रबर लाकडासारखं होतं. टायर बदलताना दुकानात उभ्या राहा. पहिल्या वर्षी एका दुकानाने माझ्या उजव्या मागच्या रिमवर बोटभर लांब ओरखडा पाडला आणि तो आधीपासूनच होता म्हणाले. आता मी चारही रिमचे फोटो काढून मगच गाडी आत देते.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक, असते, १९९५पासून. गेल्या वर्षी आजोबांची जीटीओ पुढे आणि माझी मस्टँग मागे अशा आम्ही गेलो. फर्नडेलहून पाँटियाक गावाकडे मुंगीच्या पावलांनी. दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले. उन्हात जीटीओ तापू लागली तेव्हा आजोबांनी अंगातून घामाच्या धारा वाहत असताना केबिनचा हीटर पूर्ण सोडला, इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायला. मी मागे एसीत बसून त्यांचा ओला झालेला सदरा बघत होते. बर्मिंगहॅमजवळ एका मुलाने मला ॲक्सिलरेटर दाबायची खूण केली. मी झडपा उघडल्या आणि दाबला. तो हसला, पण त्याचं बोट वळलं पुढच्या गाडीकडे. माझाही जीव तिच्यातच आहे, त्यामुळे मला ते रास्तच वाटलं.

डॉजने विजेवरच्या चार्जर डेटोना या गाडीला पोकळीतून घुमणारा आवाज दिला आहे, तोही मी कामाच्या निमित्ताने नीट ऐकला आहे. काम प्रामाणिक आहे, खालचे सूर चांगले भरले आहेत. पण ठेका लंगडत नाही. अंतरं सगळी सारखी पडतात आणि माझा कान त्या लांब पोकळीची वाट बघत राहतो.

घ्यायची असेल तर २०१८ किंवा त्यानंतरची घ्या, हातगिअरची, झडपांच्या सायलेन्सरची. आधीचा मालक कोण होता आणि ऑईल कधी कधी बदललं याचे कागद मागा. शांत जागी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून ऐका. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

मुलगी सध्या हिच्यावरच क्लच शिकते आहे. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पहिल्या रविवारी अकरा वेळा इंजिन बंद पाडलं. अकराव्यांदा डोळ्यांत पाणी आलं, मग बारावी खेप नीट गेली. परवा पहिल्यांदा मी शेजारी बसून तिने गाडी घरापर्यंत आणली. संध्याकाळी आजोबा कुंपणापाशी आले.

“आज तू नव्हतीस ना चाकावर?”

“मुलगी होती. कसं कळलं?”

“दुसरा गिअर लवकर टाकला तिने,” ते म्हणाले. “तिला सांग, थोडी वाट बघ. इंजिन स्वतःहून मागेल.”